आठवी-नववीच्या कार्यशाळेतलं पहिलं सत्र: नव्या निदेशकासाठी

जूनमध्ये शाळा उघडते आणि मुख्याध्यापक सांगतात, "यंदापासून टेक्निकलचे तास तुमच्याकडे." कोणी आयटीआय करून नव्यानेच रुजू झालेलं असतं, कोणी विज्ञानाच्या शिक्षिका असतात, कोणी डिप्लोमा झालेला गावातलाच तरुण. हातात अभ्यासक्रमाची प्रत, समोर कुलूपबंद खोली आणि आत धूळ खात पडलेले व्हाइस, म्हणजे काम घट्ट पकडून ठेवणारे शिकंजे. अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. धातुकाम आणि वीज या दोन भागांवर जास्त थांबणार आहे. शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य हे भागही तितकेच मोलाचे आहेत, पण जिथे इजा होऊ शकते तिथली घडी आधी नीट बसली पाहिजे.

सुरुवातीलाच एक आग्रह धरते. मुलांच्या हातून जी वस्तू तयार होईल, ती रोज वापरणारं कोणीतरी खरं माणूस असलं पाहिजे. प्रदर्शनासाठी केलेलं मॉडेल प्रदर्शन संपलं की कपाटावर जातं, त्यातली चूक कोणालाच कळत नाही. चपलांचा रॅक डुगडुगला तर दुसऱ्या दिवशी बालवाडीच्या ताई येऊन सांगतात. त्या सांगण्यातून मुलं जेवढं शिकतात तेवढं फळ्यावरून शिकत नाहीत. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच आग्रहातून आल्या आहेत.

तुमच्या शाळेत नेमकं काय चालतं ते आधी पाहा

महाराष्ट्रात "शाळेतलं टेक्निकल" या एकाच नावाखाली वेगवेगळ्या गोष्टी येतात. काही शहरांत जुनी शासकीय तांत्रिक विद्यालयं आणि टेक्निकल हायस्कूलं आहेत. काही शाळांत राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याखालचा, म्हणजे एनएसक्यूएफचा विषय नववी-दहावीला असतो. त्यात ऑटोमोबाइलपासून मल्टी स्किलपर्यंत पर्याय असतात. काही ठिकाणी नीती आयोगाची अटल टिंकरिंग लॅब आहे. या लॅबसाठी २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं आणि ती सहावी ते बारावीच्या मुलांसाठी असते. आणि ग्रामीण भागातल्या कितीतरी माध्यमिक शाळांत 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' म्हणजे आयबीटी चालतं.

आयबीटीचं मूळ पाबळला आहे. पाबळ हे पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं दुष्काळी पट्ट्यातलं गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता विज्ञान शिकायचं, हा त्यांचा विचार. शाळा सोडलेली मुलंही तिथे तयार होऊन स्वतःचे व्यवसाय काढू लागली. पुढे तोच विचार आठवी ते दहावीच्या शाळांत आला. आठवड्यातला एक दिवस कामाचा, आणि अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे चार विभाग. शक्य असेल तर सत्र सुरू होण्याआधी एकदा पाबळला जाऊन या. फॅब लॅब म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू घडवायची कार्यशाळा. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये याच गावात सुरू झाली. लेझर कटरशेजारी फेरोसिमेंटचं (तारेच्या जाळीवर सिमेंट लिंपायचं) काम चाललेलं पाहिलं की "आमच्या खेड्यातल्या शाळेत कसं जमणार" हा प्रश्न मागे पडतो.

तुमच्या शाळेचा विषय यातला कोणता, त्याला बोर्डाचे किती गुण आहेत, प्रात्यक्षिकाला किती, तो कोणत्या विषयाऐवजी घेतला जातो, हे पहिल्याच आठवड्यात कार्यालयातून लेखी घ्या. पालक पहिल्या सभेत हेच विचारतात. तिथे अंदाजाने उत्तर देऊ नका.

खोली लावणं

नवं सामान मागवण्याआधी असलेलं बाहेर काढा. व्हाइसचे जबडे घासून तेल द्या. कानशी तारेच्या ब्रशने साफ करा. ज्या हातोडीचं डोकं दांड्यावर हलतं ती बाजूला ठेवा, पाचर ठोकून घट्ट केल्याशिवाय ती मुलांच्या हातात द्यायची नाही. भिंतीवर प्लायवूडचा फळा लावून त्यावर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगवा. तास संपला की कोणती जागा रिकामी आहे ते दारातूनच दिसतं, मोजदाद करत बसावं लागत नाही.

विजेच्या बाबतीत तडजोड करू नका. कार्यशाळेच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, हवाच. अर्थिंग खरोखर आहे का, की नुसताच तीन पिनांचा सॉकेट बसवला आहे, हे जाणत्या वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या इमारतींत तिसऱ्या पिनेला मागे वायरच जोडलेली नसते, असं बऱ्याचदा निघतं. वेल्डिंग मशीनला वेगळी लाइन द्या. संगणकाच्या खोलीतून एक्स्टेंशन ओढून ते चालवू नका.

कपड्यांचा नियम पहिल्या दिवशी सांगा आणि दुसऱ्या दिवसापासून पाळायला लावा. सुती कपडे, बंद बूट, वेण्या वर बांधलेल्या, ओढणी काढून ठेवलेली किंवा घट्ट खोचलेली. नायलॉनच्या कपड्यावर ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. वेल्डिंगच्या हेल्मेटला १० किंवा ११ नंबरची काळी काच लागते, गॉगल चालत नाही. आर्क, म्हणजे वेल्डिंगचा झगझगीत उजेड, नुसता बघितला तरी डोळ्यांना त्रास होतो, आणि तो लगेच जाणवत नाही. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं. म्हणून बघ्यांसाठी पडदा लावा आणि "उघड्या डोळ्यांनी बघू नका" हे कारणासकट सांगा.

ग्राइंडरबद्दल मुलांना धाक घालण्यापेक्षा हिशेब करायला लावा. चार इंची ग्राइंडरची चकती १०० मिलिमीटरची, मिनिटाला साधारण ११,००० फेरे. परीघ गुणिले फेरे, भागिले ६०. कडेचा वेग सेकंदाला ५७ मीटरच्या वर येतो, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरहून जास्त. फुटलेल्या चकतीचा तुकडा त्याच वेगाने सुटतो. आठवीच्या मुलीने हे स्वतः फळ्यावर काढलं की गार्ड का काढायचा नाही हे तिला परत सांगावं लागत नाही. तरीही माझं मत असं की आठवीला ग्राइंडर द्यायचाच नाही. हॅकसॉ आणि कानस यांवर हात बसू द्या. नववीत, तुम्ही शेजारी उभे असताना, एका वेळी एकालाच द्या.

पहिले दोन आठवडे फक्त मोजमाप

मुलांना वेल्डिंगची घाई असते, तुम्हालाही असेल. तरी पहिले दोन आठवडे टेप, गुण्या, व्हर्निअर आणि पाणसळ यांनाच द्या. खोलीतल्या प्रत्येक बाकाची लांबी पाच जणांनी मोजायची आणि पाची मापं फळ्यावर लिहायची. ती एकसारखी येत नाहीत. का येत नाहीत यावर अर्धा तास सहज जातो, आणि तो वाया जात नाही. कोणी टेप तिरका धरलेला असतो, कोणी शून्याऐवजी एकपासून मोजलेलं असतं.

एखादा मुलगा नक्की म्हणेल की टेपच्या टोकाची पट्टी हलते आहे, टेप खराब आहे. त्याला शाबासकी द्या आणि मग उलगडून सांगा. ती पट्टी मुद्दामच सैल रिव्हेट केलेली असते. तिच्या स्वतःच्या जाडीइतकीच ती मागेपुढे सरकते. कडेला अडकवून ओढलं की बाहेरचं माप बरोबर येतं आणि भिंतीला टेकवून दाबलं की आतलं.

शाळेत मिलिमीटर, पण दुकानात फूट, इंच आणि सूत चालतं. आठ सुतांचा एक इंच, म्हणजे एक सूत ३ मिलिमीटरपेक्षा जरासं जास्त. "तीन सुती सळई द्या" म्हटलं की दुकानदार १० मिलिमीटरची काढतो, चार सुती म्हटलं की १२ ची. दोन्ही भाषा मुलांना आल्या पाहिजेत. यासाठी गटाला एकदा हार्डवेअरच्या दुकानात न्या. तिथे मालाला हात लावून जाडी ओळखायला शिकवा.

पहिलं खरं काम: चपलांचा रॅक

शाळेच्या ग्रंथालयासमोर, अंगणवाडीत, ग्रामपंचायतीच्या दारात चपलांचा ढीग असतोच. त्यातली एक जागा निवडा आणि मुलांना आधी प्रश्न घेऊन पाठवा. रोज किती जण येतात? लहान मुलांचा हात कुठवर पोचतो? पावसाळ्यात पाणी कुठून येतं? भिंतीपासून दार किती उघडतं? अंगणवाडीला ६०० मिलिमीटर उंची पुरते, ग्रंथालयाला कदाचित नाही पुरणार. हे टिपल्याशिवाय कागदावर रेघ ओढायची नाही.

समजा ठरलं असं: लांबी ९००, खोली ३००, उंची ६००, दोन कप्पे. २५ बाय २५ बाय ३ चा अँगल (एल आकाराची लोखंडी पट्टी) आणि कप्प्यांत १० मिलिमीटरच्या तीन-तीन सळया. समोरून, बाजूने आणि वरून असं चित्र काढून घ्या. मग यादी. पाय ६०० चे चार. प्रत्येक कप्प्याच्या चौकटीला ९०० चे दोन आणि ३०० चे दोन, म्हणजे दोन कप्प्यांचे चार-चार. एकूण अँगल ७.२ मीटर.

आता वजन, कारण लोखंड किलोवर मिळतं. तक्त्यात बघून आकडा सांगू नका, काढायला लावा. अँगलच्या कापाचं क्षेत्रफळ २५ आणि २२ ची बेरीज गुणिले ३. पंचविसात पंचवीस का मिळवायचे नाहीत, हे मुलांना कोपऱ्यात बोट ठेवून दाखवा. उत्तर १४१ चौरस मिलिमीटर. पोलादाची घनता घनमीटरला ७,८५० किलो. गुणाकार केला की मीटरला १.१ किलो येतं. मग दुकानातला तक्ता उघडा, त्यातही १.१ च असतं. त्या क्षणी वर्गात जो आवाज होतो त्यासाठी हा विषय शिकवावा. सळईसाठी बांधकामावरचा प्रत्येक मुकादम वापरतो तेच सूत्र: व्यासाचा वर्ग भागिले १६२. दहाचा वर्ग शंभर, म्हणून मीटरला ०.६१७ किलो. हे १६२ आले कुठून, ते दहावीच्या मुलांना घनता आणि पाय (π) घेऊन शोधायला द्या.

सळई कप्प्याच्या आत बसणार आहे, म्हणून ती ९०० ची नाही. दोन्ही बाजूंच्या अँगलची जाडी वजा केली की आतलं माप ८९४ उरतं. थोडी मोकळीक ठेवून ८९० ची कापा. "आतलं माप की बाहेरचं?" हा प्रश्न मुलांच्या तोंडी बसला पाहिजे. अँगल जवळजवळ ७.९ किलो आणि सळई ३.३ किलो, मिळून सव्वाअकरा किलोच्या आसपास. त्या दिवशीचा दर दुकानातून आणा, त्यात वेल्डिंग रॉड, रेड ऑक्साइड, ऑइल पेंट, वीज आणि मजुरी धरा. शाळा मजुरी लावणार नसली तरी अंदाजपत्रकात ती लिहा. मुलांच्या कामाला किंमत आहे हे त्यांना कागदावर दिसू दे.

मग कापणी, आणि इथे या कामातली सगळ्यात चांगली अडचण येते. अँगलची कांब सहा मीटरची. ९०० चे चार म्हणजे ३,६०० आणि ६०० चे चार म्हणजे २,४००. बेरीज बरोबर ६,०००. मुलं खूश होतात, एका कांबीत आठही तुकडे बसले! त्यांना थांबवू नका, पण कापण्याआधी विचारा की पात्याने खाल्लेलं लोखंड कुठे धरलं? कटिंग मशीनची चकती प्रत्येक कापात साधारण ३ मिलिमीटर खाते. आठ तुकड्यांना सात काप, म्हणजे २१ मिलिमीटर. शेवटचा पाय ५७९ चा येणार आणि रॅक लंगडा होणार. यावर उपाय मुलांनीच सुचवायचा. कोणी म्हणेल चारही पाय ५९० चे करू. कोणी म्हणेल चौथा पाय दुसऱ्या कांबीतून काढू, नाहीतरी ३०० च्या तुकड्यांसाठी ती घ्यायचीच आहे. दोन्ही बरोबर. मात्र उंची बदलणार असेल तर आधी अंगणवाडीत विचारून या.

जोडणीत कोपऱ्यावर दोन अँगल एकमेकांवर चढतात, म्हणून आखूड तुकड्याच्या टोकाला आडव्या बाजूत खाच घ्यावी लागते. ती आधी पुठ्ठ्यावर करून बघा. एवढ्या पातळ मालाला २.५ मिलिमीटरचा रॉड आणि ६० ते ९० अँपिअर पुरतात. त्याहून जास्त करंटला भोक पडतं. आधी चारही कोपऱ्यांना नुसते टाके, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके, मारा आणि कर्ण मोजा. ९०० आणि ३०० च्या चौकटीचा कर्ण पायथागोरसच्या हिशेबाने ९४९ च्या जवळ यायला हवा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत. नसतील तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर हातोडीचा एक हलका ठोका पुरतो. पक्कं वेल्डिंग झाल्यावर मात्र काही करता येत नाही. पक्कं करतानाही एकाच कोपऱ्यावर सलग बसू नका, समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून घ्या. वेल्ड थंड होताना आकसतो आणि चौकट आपल्याकडे ओढतो.

गटांबद्दल एक गोष्ट इथेच सांगते. पाच-पाच जणांचे गट केले की मुलगे हत्यारं घेतात आणि मुली वही धरतात. हे आपोआप होतं, म्हणून तुम्ही ते मोडायचं. गटातली कामं दर आठवड्याला फिरवा: आखणी, कापणी, जोडणी, हिशेब, नोंद. फिरतं वेळापत्रक दारावर लावा. वेल्डिंगचा होल्डर प्रत्येकीच्या हातात आला पाहिजे.

रंग वाळला की रॅक मुलांनीच नेऊन द्यायचा. महिन्याभराने परत जाऊन बघायचं आणि काय हललं, कुठे गंज आला, चपला खरंच आत ठेवल्या जातात का, ते लिहायचं. या भेटीचे गुण वेगळे ठेवा.

विजेचं पहिलं काम: सिरीज बोर्ड

घरातल्या वायरिंगच्या आधी सिरीज टेस्टिंग बोर्ड करून घ्या. एक पिनटॉप, एक स्विच, एक होल्डर, एक सॉकेट. दिवा आणि सॉकेट एकसर (सिरीज) जोडणीत. यात जुना फिलामेंटचा बल्बच लागतो, एलईडी चालत नाही. १०० वॉटच्या बल्बमधून २३० व्होल्टला जेमतेम ०.४३ अँपिअर जातात. त्यामुळे सॉकेटला लावलेल्या इस्त्रीत शॉर्ट असला तरी फ्यूज उडत नाही, बल्ब पूर्ण प्रकाशाने पेटतो. इस्त्री चांगली असेल तर बल्ब किंचित मंद दिसतो. कुठे तुटलेलं असेल तर तो पेटतच नाही. असे जुने बल्ब गावातून मिळतील तेवढे जमवून ठेवा. तपासताना उपकरणाच्या धातूला हात लावायचा नाही आणि काही जोडायचं-सोडवायचं असेल तर आधी पिन काढायची, हा नियम बोर्डावरच रंगवून घ्या.

बोर्ड झाला की मुलांनी घरचं वीजबिल आणायचं. प्रत्येक उपकरणाचे वॉट गुणिले तास भागिले हजार, म्हणजे युनिट. महिन्याची बेरीज बिलातल्या युनिटांशी जुळवून बघायची. ती जुळत नाही तेव्हा शोध सुरू होतो. कुणाच्या घरी पाण्याची मोटर यादीतून सुटलेली असते, कुणाच्या घरी फ्रिज चोवीस तास चालतो असं धरलेलं असतं.

इलेक्ट्रॉनिक्स आणि आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) यांवर फार लिहीत नाही, कारण तयार संच आले की ते काम सोपं वाटतं आणि तासाभरात दिवे लुकलुकायलाही लागतात. तिथेही तोच आग्रह ठेवा. शाळेची टाकी रोज भरून वाहते का? मग आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणाऱ्या अल्ट्रासॉनिक सेन्सरने पातळी मोजा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, एक मीटरवरच्या पाण्यावरून तो परत यायला सहा मिलिसेकंदांहून थोडा कमी वेळ लागतो. सेन्सरवर बाष्प जमलं की आकडे भलतेच येतात, आणि ते निस्तरण्यातच खरं शिक्षण आहे.

वही आणि हिशेब

प्रात्यक्षिकाची वही परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एकमेकांची बघून उतरवली जाते. ते टाळायचं तर वही कार्यशाळेतच राहू द्या आणि तासाच्या शेवटची पंधरा मिनिटं लिहायला राखून ठेवा. चित्र, यादी, अंदाजे खर्च, झालेला खर्च आणि फरक का पडला, इतकं पुरे. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक हमखास विचारतात की हे तू केलंस का. स्वतः केलेल्या मुलाला उत्तर पाठ करावं लागत नाही.

गावातून काम घेत असाल तर पावती पुस्तक मुख्याध्यापकांच्या सहीचंच ठेवा, पैसे शाळेच्या खात्यात भरा आणि उरलेल्या मालाची नोंद करा. रॅकनंतर उरलेला साडेचार मीटरच्या वरचा अँगल हा पुढच्या गटाचा माल आहे.

दहावीनंतर कुठे

पालकसभेत हा प्रश्न येतोच, म्हणून उत्तर तयार ठेवा. आयटीआयचे एक आणि दोन वर्षांचे ट्रेड. दहावीनंतर तीन वर्षांची तंत्रनिकेतन पदविका. तिथून पदवी अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आयटीआय केलेल्यांनाही पात्रता बसली तर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाट असते. अकरावी-बारावी विज्ञान घेणाऱ्यांना द्विलक्षी (बायफोकल) अभ्यासक्रमात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स, मेकॅनिकल मेंटेनन्स, कॉम्प्युटर सायन्स असे २०० गुणांचे विषय काही कनिष्ठ महाविद्यालयांत मिळतात. नियम आणि तारखा दरवर्षी बदलतात, तेव्हा तंत्रशिक्षण संचालनालय आणि व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय यांच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिका छापून कार्यशाळेच्या दारावर लावा.

सभा कार्यशाळेतच घ्या. खुर्च्या कमी पडल्या तर मुलांनी केलेल्या स्टुलांवर पालकांना बसवा आणि अंदाजपत्रकाच्या वह्या त्यांच्या हातात द्या.